पान चौतीसवरची वाट

साल्वादोर आल्मेडाच्या पत्राला मी साडेचार वर्षं उत्तर दिलं नाही. पत्र हरवलं असतं तर बरं झालं असतं. पण माझ्या हातून कागद हरवत नाहीत. मालवणातल्या एका लहानशा वाचनालयात सदतीस वर्षं नोंदी ठेवण्यात गेली, ती सवय सुटत नाही. ते पत्र शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात होतं, आणि शब्दकोश मी रोज उघडतो.

पत्र लहान होतं. ‘मास्तरांस नमस्कार. आमच्या खडपवाडीच्या वाटेवर रिसॉर्टवाल्यांनी गेट घातले आहे. आम्ही तहसीलदारांकडे दावा लावला. रिसॉर्टवाले म्हणतात, इथे वाट कधी नव्हतीच. तुमच्या पुस्तकात पान चौतीसवर आमच्या वाटेचे व क्रूसाचे वर्णन आहे आणि ही वाट तुम्ही स्वतः चालून पाहिली असे लिहिले आहे. तेवढेच सहीनिशी कळवावे. बाहेरच्या माणसाच्या शब्दाला वजन असते असे वकील म्हणतात. तुम्ही येऊन गेलात ते आम्हाला कधी कळलेच नाही, नाहीतर पिएदादने चहा तरी केला असता.’

शेवटच्या वाक्यात टोमणा नव्हता. साल्वादोरला टोमणे मारता येत नाहीत. बाजाराच्या दिवशी नारळ विकून झाले की तो वाचनालयात यायचा, पायरीवर चपला काढून ठेवायचा आणि साप्ताहिकं वाचत बसायचा. मी जुन्या वाटांवर पुस्तिका लिहितोय हे कळल्यावर त्यानेच मला खडपवाडीच्या वाटेबद्दल सांगितलं होतं. डांबरी रस्त्यापासून कातळावरून क्रूसापर्यंत, आणि क्रूसापासून पायऱ्या उतरून त्यांच्या वाडीत.

पुस्तिकेत सव्वीस वाटा होत्या. पंचवीस मी चाललो होतो. सव्विसावी राहिली.

त्या वर्षीच्या मे महिन्यात साल्वादोरने मला क्रूसाजवळच्या लादिनाला बोलावलं होतं. संध्याकाळी सगळी वाडी मेणबत्त्या घेऊन जमते, प्रार्थना म्हणते आणि मग उकडलेले चणे वाटतात. मी एसटीने फाट्यापर्यंत गेलो, उतरलोसुद्धा. ठेवणीतले कपडे घातलेली माणसं कातळाकडे चालली होती. त्यांच्यातल्या कुणी विचारलं, तुम्ही कोण, तर काय सांगायचं हे मला सुचेना. एसटी वळून परत आली, तिला मी हात केला.

पुढे छपाईच्या वेळी प्रत्येक वाटेच्या नोंदीखाली एकच ओळ होती: ‘प्रस्तुत लेखकाने ही वाट स्वतः चालून पाहिली आहे.’ पंचवीस ठिकाणी ती ओळ आणि सव्विसाव्या ठिकाणी नाही, हे विचित्र दिसलं असतं. मी ती तिथेही घातली. नोंदी एकसारख्या असाव्यात एवढाच विचार केला. १९८८ साली तीनशे प्रती निघाल्या, त्यातल्या निम्म्या वाळवीने खाल्ल्या. पान चौतीस मात्र कुठे ना कुठे शिल्लक राहिलं.

साल्वादोरला हो म्हणावं तर खोटी सही. नाही म्हणावं तर त्यांचा एकुलता एक छापील पुरावा मीच फाडून टाकायचा. मी दोन्ही केलं नाही. पत्र शब्दकोशात ठेवलं.

यंदा जानेवारीत माझी धाकटी बहीण शेवंती एक रंगीत कागद घेऊन घरात आली. शेवंती सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. नवरा गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली, म्हणजे घर ताब्यातच घेतलं म्हणा. अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकली आणि आता चौसष्टाव्या वर्षी तिला आपली आल्टो कुणी ओव्हरटेक केलेली खपत नाही.

“नाव घातलंय,” ती म्हणाली. “मोटार रॅली आसा. कोडा सोडवचा, जागा शोधूची, थंयसून दुसरा कोडा. गाडी माजी, डोक्या तुजा.”

“माका नको. लोक असतले.”

“लोक आपापल्या गाडयेत असतले. आपल्या गाडयेत फक्त मी.”

“शेवंते, मी अठ्ठ्याहत्तर वर्सांचो आसंय.”

“तुका काय धावूचा आसा? बसान रवाचा आणि विचार करूचो. दुसरा काय केलंस आयुष्यात?”

बक्षीस होतं समुद्रकाठच्या एका नव्या रिसॉर्टमध्ये दोघांना दोन रात्री. शेवंतीने तो कागद फ्रिजवर लावला. निळ्या पाण्याचा तलाव, कडेला छत्र्या. आठवडाभर ती जाता-येता त्या चित्राकडे बघत होती. आयुष्यभर रात्रपाळ्या केलेल्या बाईला कुणीतरी चहा आणून द्यावा, एवढं तिला हवं होतं. मी रिसॉर्टचं नाव वाचलं नाही. वाचायला हवं होतं.

रविवारी सकाळी मैदानात बावीस गाड्या होत्या. आमचा नंबर सतरा. शेवंतीने तो काचेवर तिरका चिकटवला. बाकीच्यांच्या जीपा, एकसारखे टीशर्ट, छतावर कॅमेरे. मी टोपी डोळ्यांवर ओढून बसलो. मोटर क्लबचा सेक्रेटरी कौस्तुभ नावाचा तिशीतला मुलगा होता. कर्ण्यावरून त्याने नियम सांगितले: एकूण सात पाकिटं. कोड्यातली जागा शोधायची, तिथल्या प्रश्नाचं उत्तर कार्डावर लिहायचं, पुढच्या चौकीवर कार्ड दाखवून वेळेचा शिक्का घ्यायचा आणि पुढचं पाकीट उचलायचं. वेगाने गाडी हाणणाऱ्याचे गुण कापले जातील.

“ह्या तुज्यासाठी सांगता,” मी शेवंतीला म्हणालो.

“गप बस आणि पट्टो लाव.”

पहिली चार पाकिटं मला सोपी गेली. धामापूरच्या तळ्याच्या पायऱ्या, तीन गावांची हद्द जिथे मिळते तो वड, असलंच काहीतरी. पंचवीस वाटा पायाखालून गेलेल्या होत्या. तिसऱ्या पाकिटानंतर एक लाल जीप आमच्यामागून फिरायला लागली. आम्ही वळलो की ती वळायची, थांबलो की थांबायची.

“म्हाताऱ्याक वळाखल्यानी,” शेवंती म्हणाली. तिने गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं आणि कमरेवर हात ठेवून इंजिनाकडे दुःखी चेहऱ्याने बघत उभी राहिली. जीपमधली पोरं मदतीला उतरली. “नको रे बाबांनो, हिचा असाच आसा. एक तास लागतलो. तुमी जावा पुढे, तुमचो नंबर कित्याक घालवतात?” पोरं वाईट वाटून निघून गेली. शेवंतीने बॉनेट आपटलं आणि दुसऱ्या रस्त्याने गाडी काढली. मी इतका हसलो की चष्मा पुसावा लागला. मला मजा येत होती, हे मान्य करायला हवं.

पाचवं पाकीट मी चालत्या गाडीत उघडलं.

‘कातळावर एकटा उभा, बेड्याच्या दोन खांबांपलीकडे, पाठीशी समुद्र घेऊन. त्याच्या पायाशी कोरलेले साल लिहा.’

“खंयचा?” शेवंतीने विचारलं.

मी ती ओळ पुन्हा वाचली. ‘पाठीशी समुद्र घेऊन’ हे शब्द माझे होते. पान चौतीस, चौथी ओळ. अडतीस वर्षांपूर्वी त्या शब्दांचा मला केवढा अभिमान वाटला होता! न पाहिलेल्या जागेचं वर्णन पाहिलेल्या पंचवीस जागांपेक्षा सरस झालं होतं.

“भाऊ, खंयचा ता सांग मरे.”

“खडपवाडी,” मी म्हणालो. “पयल्या फाट्यार डावीकडे.”

फाट्यावर गर्दी होती. रस्त्याकडेला संगमरवरी चौथऱ्यावर नवा कोरा क्रूस उभा होता, खाली पितळी पाटी: २०२१. मागे त्याच रिसॉर्टचा भलामोठा फलक, फ्रिजवरच्याच निळ्या तलावाचा. जीपवाले उतरत होते, फोटो काढत होते, कार्डावर लिहून पळत होते.

“लिव, दोन हजार एकवीस,” शेवंती इंजिन चालू ठेवूनच म्हणाली. “लवकर! आपण पयले असू.”

“तो ह्यो न्हय.”

“क्रूस आसा, साल आसा. आणखी काय व्हया?”

“हयसर कातळ खंय आसा? समुद्र खंय आसा? बेडो खंय आसा?”

बेडो म्हणजे आपल्याकडचं जुनं फाटक. दोन चिऱ्यांचे खांब, त्यांना भोकं, भोकांतून आडवे बांबू. येणारा बांबू सरकवून आत जातो आणि पुन्हा लावून पुढे चालतो. गुरांना अडवायचं, माणसाला नाही.

“तुका म्हायत आसा मां खरो खंय आसा तो? मगे चल थंय.”

“माका म्हायत नाय,” मी म्हणालो. “मी थंय कदी गेलंयच नाय.”

मग मी तिला सगळं सांगितलं. एसटी, चणे, सव्विसावी ओळ. तिने इंजिन बंद केलं.

“म्हंजे तू पुस्तकात थाप मारलंस?”

“होय.”

“तू?” ती हसायला लागली. स्टिअरिंगवर डोकं टेकून हसली. “अडतीस वर्सा घरात एक थाप लपवन ठेवलंस आणि माका वासय नाय! माका वाटला, तुका तेवढाय जमणा नाय!”

“पुढे ऐक,” मी म्हणालो, आणि साल्वादोरच्या पत्राबद्दल सांगितलं.

तिचं हसू थांबलं. “त्येंची वाट बंद झाली, त्येनी तुका लिवन विचारल्यानी, आणि तू गप रवलंस?”

“काय लिवतलंय? होय म्हणू काय नाय म्हणू?”

“आदी चल म्हणाचा. उतर.”

“रॅली आसा, शेवंती. वेळ मोजतत.”

“उतर म्हणतंय मां!”

फलकाच्या मागे दोनशे पावलांवर लोखंडी गेट होतं. ‘खाजगी मालमत्ता’. गेटच्या दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे दोन खांब होते, रंग फासलेले, पण भोकं तशीच. प्रत्येकात तीन. मी बोट घालून बघितलं. भोकांच्या कडा आतून गुळगुळीत झिजलेल्या होत्या. चिरा असा झिजायला किती वर्षं बांबू ओढावे लागत असतील, मला सांगता येणार नाही. पण दोन-पाच माणसांनी ओढून तो झिजत नाही, एवढं कळतं.

गेटवर निळ्या गणवेशातला एक मनुष्य खुर्चीत बसला होता. छातीवर नाव: टोनी.

“काकी, भुतूर फक्त गेस्ट,” तो उठून म्हणाला. “रॅलीचो क्रूस भायर आसा.”

“तू खंयचो रे बाबा?” शेवंतीने विचारलं.

“हयलोच. खडपवाडीचो.”

“मगे घराकडे खंयसून जातंस?”

टोनीने मागे, खाली, कुठेतरी हात केला. “दर्याच्या कडेन. तीन किलोमीटर पडतत.”

“आणि हया गेटाची चावी कोणाकडे असता?”

टोनीने खिशावरचा हात काढून घेतला.

एवढ्यात बॅटरीवर चालणारी एक छोटी गाडी आली आणि तिच्यातून व्यवस्थापक उतरला. विराज नावाचा, इस्त्रीच्या शर्टातला, अत्यंत नम्र मुलगा. नम्र माणसांसमोर माझी नेहमी पंचाईत होते. भांडता येत नाही.

“काका, काही मदत हवी आहे का? तुमचा क्रूस त्या रस्त्यावर आहे.”

“मला जुना बघायचा आहे.”

“तो आमच्या बागेच्या सजावटीचा भाग आहे. आत पाहुणे असतात. सॉरी.”

“हा रस्ता लोकांच्या वहिवाटीचा आहे.”

“इथे वाट कधी नव्हतीच, काका. तहसीलदारांनीही तेच सांगितलंय. आता अपील चाललंय, तर त्यावर आपण बोलायला नको.”

इथवर आल्यावर मी एरवी ‘बरं, बरं’ म्हणून मागे फिरलो असतो. तसा मी एकदा याच फाट्यावरून फिरलोही होतो. माझे पाय त्या दिशेला वळायलाच लागले होते, खोटं कशाला सांगू? पण हात खिशात गेला आणि पेन बाहेर आलं. कार्डाच्या पाठीमागची कोरी बाजू मी त्याच्यापुढे धरली.

“मग एवढं लिहून द्या,” मी म्हणालो. “‘इथे कधी वाट नव्हती, आणि जयराम कुबल यांना आज क्रूसापर्यंत जाऊ दिले नाही.’ तारीख, वेळ आणि सही.”

“मी कशाला लिहून देऊ?”

“तुम्हाला खात्री आहे ना?”

“खात्री म्हणजे... आमच्या कागदपत्रांत तसं आहे.”

“तुम्ही इथे कधीपासून आहात?”

“दीड वर्ष.”

“म्हणजे न बघताच सांगताय. मीही एकदा न बघता लिहून दिलं होतं. त्याचं काय होतं ते मला विचारा. सही करा, नाहीतर गेट उघडा.”

माझा आवाज स्पष्ट निघाला, याचं मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. विराज कार्डाकडे बघत होता आणि पेनाला हात लावत नव्हता.

शेवंती पुढे झाली. नर्स असताना डॉक्टरांशी बोलायची ती भाषा तिने काढली. “साहेब, हे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, ब्लडप्रेशरचे पेशंट आहेत आणि तुम्ही त्यांना उन्हात उभं केलंय. पडले तर केसपेपरवर तुमचं नाव मीच लिहीन. माझं अक्षर चांगलं आहे.”

विराजने फोन काढला आणि कुणाला तरी लावत बाजूला गेला. फोन लागेना. तोवर टोनीने चावी फिरवली होती.

“टोनी!” विराज ओरडला.

“धा मिनटा, सर,” टोनी म्हणाला. “म्हातारो माणूस आसा. मी हयसरच आसंय.” आणि आमच्याकडे न बघता हळूच म्हणाला, “सरळ जावा. हिरवळ संपली काय वाट आपोआप गावतली.”

हिरवळ पन्नास पावलांत संपली. पुढे उघडा कातळ होता, आणि कातळात वाट होती. ओंजळभर खोल, दोन पावलं रुंद, काळ्या खडबडीत दगडात एक गुळगुळीत तांबूस पट्टा. शोधावी लागली नाही. मी पावलं मोजत चाललो, ती सवय जुनीच. पुस्तिकेत मी ‘बेड्यापासून सुमारे दोन फर्लांग’ लिहिलं होतं. गेटपासून क्रूसापर्यंत तीनशे सव्वीस पावलं भरली. जेमतेम एक फर्लांग.

समुद्र क्रूसाच्या पाठीशी नव्हता. उजव्या हाताला, खाली, माडांच्या फटीतून दिसत होता.

क्रूस छातीइतका उंच होता, चिऱ्याचा, चुन्याचा गिलावा निघालेला. चौथऱ्यावर मेणाचे थर. वाकून मी बोटांनी साल चाचपलं. पुस्तिकेत १९११ होतं, साल्वादोरने अंदाजाने सांगितलेलं. दगडावर १९१७ कोरलं होतं. एका नोंदीत तीन चुका, आणि चौथी सगळ्यांत मोठी. मी चष्मा काढला, पुन्हा लावला, पुन्हा वाचलं. १९१७. कार्डावर लिहिलं.

“कोण गो तुमी?”

खालच्या पायऱ्यांवरून एक बुटकी म्हातारी चढून आली होती. हातात मेणबत्तीचा तुकडा आणि काड्यापेटी. वाडीकडून क्रूसापर्यंत अजून येता येत होतं; क्रूसाच्या पुढे रस्त्याकडे जाता येत नव्हतं.

“मी जयराम कुबल,” मी म्हणालो. “मालवणच्या वाचनालयातलो.”

“मास्तर? पुस्तकवालो?” तिने मला खालून वर बघितलं. “मी पिएदाद. साल्वादोराची बायल. तुमी तर म्हातारे झालात!”

“तू काय तरणी रवलंस काय?” शेवंती म्हणाली आणि दोघी एकदम हसल्या.

माझ्याने हसवेना. “पिएदादबाय,” मी म्हणालो, “मी आदी हयसर कदीच येवक नाय. आज पयल्यांदा येतंय. पुस्तकात लिवलेला खोटा आसा.”

तिने मेणबत्ती लावली. वाऱ्याने विझली, पुन्हा लावली. “त्या लादिनाक साल्वादोर फाट्यार उभो हुतो, तुमका आणूक,” ती म्हणाली. “तुमी येस्टीतसून उतारलात आणि परत चढलात. त्येना बगल्यान.”

“बगल्यान?”

“घराकडे येवन माका म्हणालो, मास्तर लाजले. मगे पुस्तक इला. त्येच्यात लिवलेला, स्वतः चलान बगली. तेवा तो म्हणता, बग, दुसऱ्या कदीतरी कोणाक न सांगता येवन गेले. पुस्तकात आसा म्हंजे इलेच असतले.” तिने काडी चौथऱ्यावर विझवली. “तो पुस्तकार विश्वास ठेवता. मी म्हणतंय, मगे पत्राक उत्तर कित्याक नाय? तर म्हणता, मास्तरांका वेळ लागता.”

मी कातळावर बसलो. शेवंतीने माझी नाडी बघितली, सवयीने.

“अपिलाची पुढली तारीख कदी?” मी विचारलं.

“वीसाक. ह्याच म्हयन्यात.” तिने पायऱ्यांकडे मान हलवली. “चला घराकडे. साल्वादोराचे गुडघे गेले, तो वर येवक शकणा नाय. चाय करतंय.”

मला जायचं होतं. खरंच जायचं होतं. “आदी उत्तर देतंय,” मी म्हणालो. “उत्तर न देता त्येच्या घरात चाय पिवची नाय. मगे येतंय.”

“बरा,” ती म्हणाली. “पण आता येस्टी बगू नकात.”

आम्ही उरलेली दोन पाकिटंही पुरी केली, शेवंतीने वेगाचे नियम मोडून. मैदानावर पोचलो तेव्हा कार्डं तपासून होत आली होती. कौस्तुभ आमचं कार्ड घेऊन धावतच आला.

“काका, एक छोटीशी चूक झालीय. पाचवं उत्तर. सगळ्यांनी २०२१ लिहिलंय, तुम्ही १९१७ लिहिलंय. बाकी सहाही बरोबर असलेले फक्त तुम्ही! उशीर धरूनसुद्धा तुम्ही पहिले येताय. तेवढं बदला, मी सही करतो. घाईत होतं असं.”

“घाईत नाही झालं.”

“पण मी स्वतः ती जागा बघून आलोय, काका.”

“कोडं कुठून घेतलंत?”

“एका जुन्या पुस्तिकेतून. झेरॉक्स आहे माझ्याकडे. फाट्यावर गेलो, तर रिसॉर्टवाल्यांनीच क्रूस दाखवला.”

“पाठीशी समुद्र होता?”

कौस्तुभ थांबला. “नाही... फलक होता. मला वाटलं, फलकामागे असेल.”

मला त्याच्यावर रागावता येईना. ‘असेल’ हा शब्द माझ्याइतका कुणाच्या ओळखीचा असणार? “ती पुस्तिका माझी आहे,” मी म्हणालो. “त्यात साल चुकलंय, अंतर चुकलंय, समुद्रसुद्धा चुकलाय. मी न जाता लिहिलं आणि तुम्ही न जाता उचललंत. आज मी गेलो. उत्तर १९१७ आहे.”

“काका, बक्षीस त्याच रिसॉर्टचं आहे. त्यांच्या मालकांसमोर मी हे उत्तर बरोबर कसं धरू?”

“धरू नका. मी बदलणार नाही.”

तेव्हा मला फ्रिजवरचं चित्र आठवलं. मी शेवंतीकडे वळलो. तिने मनापासून मागितलेली ती एकच गोष्ट होती, आणि माझं पेन तिच्या दोन रात्रींवरून फिरत होतं. “शेवंती,” मी म्हणालो, “तू सांग.”

ती कमरेवर हात ठेवून कौस्तुभकडे बघत होती. “बदलूचा नाय,” ती म्हणाली. “नायतरी त्या तळ्यात माका खंय पोवाक येता?”

लाल जीपवाले पहिले आले. शेवंतीने त्यांच्यासाठी सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या आणि मग त्यांना जवळ बोलावून बॉनेटची गोष्ट सांगितली. मी कौस्तुभकडे फक्त एक मागितलं: आमच्या कार्डाची झेरॉक्स. त्यावर चौथ्या आणि पाचव्या चौकीचे वेळेचे शिक्के होते, तारखेसह. त्या दोन शिक्क्यांच्या मध्ये मी खडपवाडीत होतो. त्याने झेरॉक्स काढून दिली, आणि न मागता तिच्यावर सहीही केली.

घरी येऊन मी लिहायला बसलो. चार कागद फाडले. पाचवा ठेवला.

‘साल्वादोर आल्मेडा यांस नमस्कार. उत्तराला उशीर झाला, त्याला कारण माझा भित्रेपणा, दुसरे काही नाही. माझ्या पुस्तिकेत पान चौतीसवर मी ही वाट स्वतः चालून पाहिली असे लिहिले आहे. ते १९८८ साली खोटे होते. त्या पानावरचे अंतर व सालही चुकीचे आहे. हे कोणी माझ्याविरुद्ध वापरायचे तर खुशाल वापरावे. मात्र दिनांक ११ जानेवारी २०२६ रोजी मी ही वाट स्वतः चाललो. बेड्याचे दोन खांब जागेवर आहेत, त्यांची भोके बांबूंनी झिजलेली आहेत. कातळ पायांनी झिजलेला आहे. गेटपासून क्रूसापर्यंत तीनशे सव्वीस पावले. क्रूसावर १९१७ हे साल कोरलेले मी डोळ्यांनी पाहिले व बोटांनी चाचपले. वाट आहे. सोबत वेळेच्या शिक्क्यांची प्रत जोडली आहे. वीस तारखेला मी स्वतः हजर राहून हेच सांगेन. जयराम कुबल.’

शेवंतीने वाचलं. “भित्रेपणा खोडूचो नाय?” तिने विचारलं.

“नाय.”

सोमवारी सकाळी पोस्टात रांग होती. मी रजिस्टर पोस्ट मागितलं. खिडकीपलीकडची मुलगी म्हणाली, आजोबा, ते बंद झालं, आता स्पीड पोस्ट. तिने पाकिटाचं वजन केलं, पत्ता मोठ्याने वाचला आणि माझा मोबाइल नंबर विचारला. मला तो आठवेना. बाहेर शेवंती हॉर्न वाजवत होती. पत्र पडल्याबरोबर तिला खडपवाडीत चहाला जायचं होतं. मी खिडकीतून ओरडून तिला नंबर विचारला, इतक्या मोठ्याने की सगळी रांग वळून माझ्याकडे बघायला लागली. तिने तो तितक्याच मोठ्याने सांगितला. मुलीने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं.